विज्ञान कसं चालतं यावर संशोधन करायचंय, पैसे कोण देतं आणि प्रपोजल कुठे अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात केमिस्ट्रीत पीएचडी झाली, आता अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधकाची नोकरी), पण हल्ली लॅबपेक्षा जास्त डोकं या गोष्टीत चालतंय की शोध लागतात कसे, ते लोकांपर्यंत पोचतात कसे आणि समाजाला त्याचा खरंच फायदा होतो का. एनएसएफ, म्हणजे अमेरिकन सरकारची नॅशनल सायन्स फाउंडेशन, अशा संशोधनाला पैसे देते असं ऐकलंय, तर तिथं नेमकं काय चालतं, सोशल सायन्सची डिग्री नसताना जमेल का, आणि भारतात परत आलं तर पुढे काय.

ऐकलंय ते खरं आहे. योजनेचं नाव सायन्स ऑफ सायन्स: डिस्कव्हरी, कम्युनिकेशन अँड इम्पॅक्ट, आणि ती एनएसएफमध्ये सामाजिक शास्त्रांच्या बाजूला येते, केमिस्ट्री-फिजिक्सच्या बाजूला नाही, हे आधी लक्षात घ्या कारण प्रपोजल वाचणारे लोक त्यावरून ठरतात. मी या कामात बरीच वर्षं आहे, प्रपोजलं लिहिलीत, थोडी मिळाली, जास्त परत आली, आणि पॅनेलवर बसून दुसऱ्यांचीही वाचलीत. पॅनेलमध्ये कुणाबद्दल काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नसतं, त्यामुळे तसले किस्से मिळणार नाहीत, पण घोडं कुठे पेंड खातं ते सांगते. जवळजवळ नेहमी एकाच जागी: हे पैसे दिले नसते, हा कार्यक्रम केला नसता, ही टीम जमली नसती तर काय झालं असतं? याचं उत्तर शोधायची काही सोय तुमच्या प्रपोजलात नसेल तर बाकी पानं कितीही छान लिहा, उपयोग नाही.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा हट्ट कुठून आला ते कळत नाही. एनएसएफ १९५० ची. त्यामागची कल्पना १९४५ मध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या अहवालातली, म्हणजे मूलभूत संशोधनात सरकारनं पैसे टाकावेत, काय करायचं ते शास्त्रज्ञ ठरवतील, फायदा देशाला होईल. दशकानुदशकं हे असंच चाललं, आणि मध्ये मध्ये राजकारणी टोचत राहिले. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ मध्ये सरकारी उधळपट्टीसाठी 'गोल्डन फ्लीस' नावाचा खवचट पुरस्कार काढला आणि पहिलाच मान एनएसएफला दिला, का तर माणसं प्रेमात का पडतात यावरच्या संशोधनाला ८४,००० डॉलर दिले म्हणून. त्याला उत्तर म्हणून २०१२ मध्ये 'गोल्डन गूज' पुरस्कार आला, ऐकायला विचित्र वाटणाऱ्या पण पुढे फार कामाला आलेल्या संशोधनासाठी. मजा म्हणजे दोन्ही बाजूंकडे फक्त किस्सेच होते. एकाकडे पैसे वाया गेल्याचे, दुसऱ्याकडे सोन्याचं अंडं मिळाल्याचे.

मग २००५ मध्ये जॉन मारबर्गर, हे तेव्हा धाकट्या बुश यांचे विज्ञान सल्लागार आणि स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी शास्त्रज्ञांच्याच सभेत उभं राहून सांगितलं की आपण दरवर्षी जास्त पैसे मागतो पण किती, कशावर आणि त्यातून काय निघेल हे सांगायला आपल्याकडे अर्थशास्त्रज्ञांकडे असतात तशी साधनं नाहीत, ती तयार करा. त्यातून एनएसएफमध्ये सायसिप नावाची योजना सुरू झाली, तीच पुढे नाव बदलून आताची. आकारानं लहान आहे हो, बायॉलॉजी किंवा फिजिक्सच्या मानानं चिल्लर म्हणा, पण या क्षेत्रातली निम्मी-अधिक नावं कधी ना कधी या दारातून गेलेली आहेत.

आता मुद्द्याचं. नावातल्या तीन शब्दांतला इम्पॅक्ट आधी घेते कारण सगळ्यात जास्त लोक तिथंच आपटतात.

यलोस्टोनची गोष्ट तुम्हाला माहीत असणार, केमिस्ट आहात. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ गरम पाण्याच्या झऱ्यात जिवाणू शोधत होते, एनएसएफच्या पैशावर, कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. थर्मस ॲक्वॅटिकस सापडला, पुढे त्याच्यातलं टॅक पॉलिमरेज हे उष्णता सोसणारं एन्झाइम वापरून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढायचं तंत्र, शक्य झालं, आणि कोविडच्या वेळी तर पीसीआर हा शब्द आपल्या गल्लीतल्या आजीबाईंनाही पाठ झाला. सुंदर गोष्ट आहे, मी पण वर्गात सांगते. पण प्रपोजलात ही गोष्ट पुरावा म्हणून टाकलीत तर रिव्ह्युअर विचारणार, त्याच वर्षी अजून किती झऱ्यांवर, किती किड्यांवर, किती शेवाळांवर पैसे दिले होते आणि त्यांचं काय झालं? जिंकलेल्यांची यादी घेऊन मागे चालत गेलं की प्रत्येक रस्ता शहाणपणाचाच दिसतो. आणि दुसरं, ब्रॉक गेले नसते तर दुसरं कुणी पाचदहा वर्षांत तोच जिवाणू शोधला असता का? असता, तर एनएसएफचा इम्पॅक्ट म्हणजे फक्त तेवढी पाचदहा वर्षं.

मग हे मोजायचं कसं? एक नमुना सांगते, पियर अझूले आणि मंडळींचा. एनआयएच म्हणजे अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, तिचे पैसे वेगवेगळ्या आजारांच्या संस्थांत वाटले जातात आणि प्रत्येक संस्थेत दरवर्षी गुणवत्ता यादीतली किती प्रपोजलं घ्यायची ती रेषा वेगळी पडते. त्यामुळे असं होतं की सारख्याच दर्जाच्या दोन प्रपोजलांपैकी एकाला पैसे मिळतात, दुसऱ्याला नाही, आणि कारण त्या प्रपोजलाची गुणवत्ता नसतं, त्या संस्थेकडे त्या वर्षी किती शिल्लक होती हे असतं. ही नशिबाची फट पकडून त्यांनी हिशेब केला तर उत्तर असं आलं की एनआयएचच्या १ कोटी डॉलरमागे खासगी क्षेत्रात साधारण २.७ जास्तीची पेटंट निघतात. याच गटाच्या दुसऱ्या एका कामात साडेतीन लाखांहून जास्त एनआयएच ग्रँट बघितल्या होत्या. त्यात थेट पेटंट निघालेल्या जेमतेम ८ टक्के, पण ज्यातून आलेला पेपर पुढे कुठल्यातरी पेटंटनं वापरला अशा मात्र ३१ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. विद्यापीठाच्या पेटंट ऑफिसच्या दारात उभं राहून मोजलं तर ८ दिसतात आणि बाहेर येऊन मोजलं तर ३१, आणि आपल्याकडे बरेच अहवाल दारातच मोजून लिहिलेले असतात.

असंच कटऑफचं तंत्र माणसांवरही वापरता येतं. एमपीएससीत एका मार्कानं हुकलेला आणि एका मार्कानं लागलेला यांच्या हुशारीत काय फरक असतो? काही नाही. पण पुढची वीस वर्षं बघितली तर त्या एका मार्कानं काय केलं ते कळतं. यांग वांग, बेन जोन्स आणि दाशुन वांग यांनी २०१९ मध्ये एनआयएचला पहिल्यावहिल्या मोठ्या ग्रँटसाठी अर्ज करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांवर हेच केलं, जेमतेम मिळालेले विरुद्ध जेमतेम हुकलेले. हुकलेल्यांपैकी जास्त लोक एनआयएचच्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर गेले, हे अपेक्षितच. पण जे टिकले त्यांचे पुढच्या दहा वर्षांतले पेपर मिळालेल्यांपेक्षा जास्त गाजले, आणि कमकुवत लोक गळून गेले म्हणून सरासरी वाढली एवढ्यानं ते पूर्ण उलगडत नाही, तेही त्यांनी तपासलं. आता यावरून कुणी 'अपयश ही यशाची पायरी' असा फॉरवर्ड करेल, करू दे, पण संशोधक म्हणून बघण्यासारखं हे की साध्या स्कोअरच्या यादीतून एवढं निघालं. ती यादी एनआयएचकडे वर्षानुवर्षं पडून होती.

डिस्कव्हरीच्या बाजूला सध्या गर्दी फार आहे, कारण डेटा फुकट झालाय. कुठल्या पेपरनं कुणाचा संदर्भ दिला याची नोंद ठेवणाऱ्या वेब ऑफ सायन्सचा पूर्ण डेटा म्हणजे पूर्वी श्रीमंत विद्यापीठांचं काम, आता २०२२ पासून तसाच पण फुकट ओपनॲलेक्स आहे, कोट्यवधी पेपर लॅपटॉपवर उतरवून घ्या. त्यामुळे दर आठवड्याला कुणीतरी कोट्यवधी पेपर घेऊन एक ग्राफ काढतं. इथं सावध राहा. २०२३ मध्ये नेचरमध्ये पार्क, लेही आणि फंक यांचा एक पेपर आला, साडेचार कोटी पेपर आणि ३९ लाख पेटंट घेऊन, निष्कर्ष असा की विज्ञानात चाकोरी मोडणारं काम दशकानुदशकं कमी होत चाललंय. मोजपट्टी अशी की नंतरचे लोक फक्त तुमच्या पेपरचा संदर्भ देतात, तुम्ही वापरलेल्या जुन्या पेपरांचा देत नाहीत, तर तुम्ही चाकोरी मोडलीत. जगभर बातम्या झाल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटानं दाखवलं की डेटाबेसमध्ये ज्या नोंदींना संदर्भसूचीच नाही, म्हणजे एंट्री करतानाच राहून गेलेली, त्या या मोजपट्टीवर आपोआप 'सगळ्यात क्रांतिकारी' ठरतात, आणि अशा नोंदी जुन्या काळात जास्त आहेत. मग ती घसरण विज्ञानाची किती आणि डेटा एंट्रीची किती यावर वाद अजून चालू आहे, मूळ लेखकही आपल्या बाजूनं उत्तर देतायत. मला स्वतःला वाटतं थोडी घसरण खरी असावी, पण माझ्या वाटण्याला कुणी पैसे देत नाही.

आणि इथं एक आपल्या घरचा मुद्दा, जो मराठी माणसाला दोन मिनिटांत कळतो आणि अमेरिकन सहकाऱ्याला अर्धा तास समजवावा लागतो. या डेटाबेसमध्ये 'एस. पाटील' किंवा 'एस. एस. कुलकर्णी' असं टाकून बघा. किती माणसं एकात मिसळलीत आणि एकच माणूस किती तुकड्यांत फुटलाय ते बघून हसावं की रडावं कळत नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बाईचं मधलं आणि आडनाव दोन्ही बदलतं, म्हणजे एस. व्ही. जोशी यांची १९९८ नंतरची कारकीर्द एस. आर. देशपांडे नावाच्या नवख्या बाईच्या खात्यात जमा, आणि कॉम्प्युटरच्या मते जोशीबाईंनी संशोधन सोडलं. बायका विज्ञानातून जास्त गळतात हे खरंच आहे की त्यातला काही भाग फक्त आडनाव बदलल्याचा आहे? शिवाय लिंग ओळखणारे प्रोग्रॅम पहिल्या नावावर चालतात, नुसती इनिशियल असली की ती नोंद टाकून देतात, आणि भारतीय जर्नलांत इनिशियलच जास्त. दक्षिणेत तर आडनावाचीच पद्धत वेगळी. जागतिक म्हणून छापलेल्या कितीतरी आकड्यांत आपण असे अर्धवट मोजले गेलोय. हा प्रश्न नीट हातात घेतलात तर तो स्वतःच एक प्रपोजल आहे, आणि तुम्हाला त्यात जे दिसेल ते बॉस्टनमध्ये वाढलेल्या माणसाला दिसणार नाही.

आता कम्युनिकेशन. इथं जे प्रपोजल सगळ्यात जास्त येतं ते असं: लोकांना विज्ञान कळत नाही, म्हणून आम्ही पॉडकास्ट काढू, शाळांत जाऊ, रील्स करू आणि शेवटी लोकांना फॉर्म भरायला देऊन विचारू आवडलं का. काम चांगलं आहे, पण त्याला ही योजना नाही. इथं संवाद करायचा नसतो, संवादावर संशोधन करायचं असतं. लोकांना माहिती कमी म्हणून ते ऐकत नाहीत, माहिती ओता म्हणजे ऐकतील, ही समजूत अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०१७ च्या अहवालात सरळ अपुरी ठरवली. तिच्यावर प्रपोजल उभं केलंत की पहिल्याच पानावर वाचणारा पेन खाली ठेवतो.

चांगला प्रश्न कसा दिसतो ते ब्रिटनमधल्या एका कामावरून सांगते, एनएसएफचं नाही ते, पण धडा घेण्यासारखं आहे. आरोग्याच्या बातम्या भडक असतात, दोष कुणाचा? आपण लगेच म्हणतो पत्रकारांचा. कार्डिफच्या गटानं २०१४ मध्ये २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेस रिलीज घेतल्या, प्रत्येकीच्या एका बाजूला मूळ पेपर आणि दुसऱ्या बाजूला छापून आलेल्या बातम्या, आणि अतिशयोक्ती कुठे शिरली ते ओळीओळीनं बघितलं. ४० टक्के प्रेस रिलीजमध्येच पेपरपेक्षा वाढीव सल्ला होता, ३३ टक्क्यांत नुसत्या संबंधाला कारण बनवलेलं, ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचं माणसांवर ढकललेलं. म्हणजे आग विद्यापीठाच्या स्वतःच्या ऑफिसातून निघत होती. पण हेही नुसतं शेजारी शेजारी दिसणं झालं, बरोबर? म्हणून पुढे २०१९ मध्ये त्यांनी प्रेस ऑफिसांना विश्वासात घेऊन खऱ्याखुऱ्या प्रेस रिलीज बाहेर पडायच्या आधीच सोडत काढून बदलल्या, काहींची भाषा पुराव्याइतकी जपून केली, काहींत 'यातून कार्यकारण सिद्ध होत नाही' असं वाक्य घातलं. जपून लिहिलं म्हणून बातम्या कमी आल्या का? नाही आल्या. हे एक उत्तर प्रत्येक प्रेस ऑफिसरच्या टेबलावर ठेवता येतं, कारण त्यांची भीती नेमकी तीच असते.

प्रपोजलं निवडायची जी पद्धत आहे, पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच क्षेत्रातल्या लोकांनी वाचून मार्क देणं, तिच्यावरच्या संशोधनालाही ही योजना पैसे देते का? देते. आणि निष्कर्ष फार सुखाचे नसतात. विस्कॉन्सिनच्या गटानं एनआयएचसारखीच पॅनेलं बसवून २५ प्रपोजलं ४३ रिव्ह्युअरना दिली, एकाच प्रपोजलबद्दल दोन रिव्ह्युअरचं एकमत जवळजवळ नव्हतंच, मार्क प्रपोजलापेक्षा ते कुणाच्या हातात पडलं यावर जास्त. २०१६ मधल्या हार्वर्डच्या एका प्रयोगात दिसलं की जितकी कल्पना नवी तितके मार्क कमी. मग न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलनं २०१३ पासून एका छोट्या योजनेत पात्र प्रपोजलांतून सरळ चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, आणि स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशन २०२१ पासून सीमारेषेवर बरोबरीत अडकलेल्यांसाठी चिठ्ठी टाकतं. इथं अमेरिकेत चिठ्ठी म्हटलं की डीन लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, पण गंमत बघा, जिथं चिठ्ठी आहे तिथं पैसे नसते तर काय झालं असतं याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर आयतं मिळतं.

बरं, लिहायचं कसं. मुख्य वर्णन १५ पानं, त्याआधी एक पानाचा सारांश, त्यात बौद्धिक गुणवत्ता आणि ब्रॉडर इम्पॅक्ट, म्हणजे समाजाला होणारा फायदा, असे दोन वेगळे भाग लागतात. आणि १५ पानांच्या आतही ब्रॉडर इम्पॅक्ट नावाचं स्वतंत्र शीर्षक हवंच, ते विसरलात तर प्रपोजल वाचल्याशिवायच परत पाठवतात. आपल्या क्षेत्रात एक सापळा असा की विषयच 'समाजाला फायदा' असल्यामुळे लोकांना वाटतं ब्रॉडर इम्पॅक्ट झालाच की आपोआप. नाही होत. उत्तर आल्यावर नेमकं कोण काय वेगळं करेल ते लिहा. एनआयएचचा अमुक विभाग तरुणांसाठीची रेषा कशी आखतो, एखाद्या विद्यापीठाचं प्रेस ऑफिस कुठलं वाक्य बदलतं, इतकं बारीक. 'धोरणकर्त्यांना उपयोग होईल' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. आणि उत्तर उलटं आलं तर? तुमचा अंदाज चुकला तरी पेपर होईल आणि तो कुणाला तरी कामाला येईल असा प्रश्न असला की वाचणाऱ्याला हायसं वाटतं.

डेटाची परवानगी आधी मिळवा. 'आम्ही अमुक एजन्सीकडून नाकारलेल्या अर्जांचा डेटा मागवू' असं भविष्यकाळात लिहिलेलं प्रपोजल म्हणजे अर्ध्यावरचा पूल. एनएसएफ आणि एनआयएचच्या मिळालेल्या ग्रँटची माहिती वेबवर उघडी आहे, पण नाकारलेल्यांची नसते, आणि तुलना तर त्यांच्याशीच करायची असते. विद्यापीठांनी ग्रँटचे पैसे कुणाला पगार म्हणून दिले, कुठून काय खरेदी केली इतकं खोलात हवं असेल तर मिशिगन विद्यापीठातली आयरिस संस्था यूमेट्रिक्स नावाचा डेटा सांभाळते, अर्ज करून सुरक्षित सर्व्हरवर वापरता येतो. मुलाखती असतील तर आयआरबीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागेल, वेळ धरा. बजेटबद्दल फार सांगत नाही, तुमच्या विद्यापीठाचं ग्रँट ऑफिस ते करतं, एवढंच की ओव्हरहेड, म्हणजे विद्यापीठ स्वतःच्या वरखर्चासाठी घेतं ती रक्कम, बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत ५० टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे मोठा दिसणारा आकडा हातात येईपर्यंत बारीक होतो.

व्हिसाची काळजी बहुतेकांना असते म्हणून सांगते. नेहमीची ग्रँट विद्यापीठाला मिळते, माणसाला नाही, त्यामुळे पीआयला, म्हणजे ग्रँटच्या मुख्य संशोधकाला, अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. फेलोशिपचं मात्र वेगळं, सामाजिक शास्त्रांच्या विभागाच्या पोस्टडॉक फेलोशिपला नागरिक किंवा ग्रीन कार्ड लागतंच. पोस्टडॉकला पीआय होऊ द्यायचं की नाही हे विद्यापीठ ठरवतं, बरीच होऊ देत नाहीत.

आणि हो, सध्याची हवा. एप्रिल २०२५ मध्ये एनएसएफनं चालू असलेल्या हजाराहून जास्त ग्रँट मध्येच रद्द केल्या, त्यात चुकीच्या माहितीच्या प्रसारावरच्या, म्हणजे नेमक्या कम्युनिकेशनच्या बाजूच्या बऱ्याच होत्या. त्याच महिन्यात संचालक सेतुरामन पंचनाथन यांनी राजीनामा दिला. २०२६ साठीच्या सरकारी प्रस्तावात एनएसएफचे साधारण ९ अब्ज डॉलर कापून ३.९ अब्ज करायचं म्हटलं होतं. प्रस्ताव म्हणजे मंजुरी नव्हे, पैसे काँग्रेस ठरवते, पण अशा दिवसांत पोस्टडॉकनं सगळी अंडी एनएसएफच्या टोपलीत ठेवू नयेत. योजनेची घोषणा आत्ता चालू आहे का हे आधी एनएसएफच्या साइटवर बघा, मग योजना सांभाळणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरला एक पानाची कल्पना मेल करा. स्लोन फाउंडेशन ही खासगी संस्थाही बघा. ब्रिटनमध्ये तर सरकारनंच २०२४ मध्ये यूकेआरआय या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर मेटासायन्स (विज्ञानावरचं विज्ञान, आपला हाच विषय) युनिट काढलंय, तिथं सध्या उत्साह आहे.

भारतात परत आलात तर. आपल्याकडे हे काम बहुतेक संस्थांच्या आत चालतं. दिल्लीत सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची एनआयएससीपीआर ही विज्ञान संवाद आणि धोरणावर काम करणारी संस्था आहे, जुन्या निस्टॅड्स आणि निस्केअर २०२१ मध्ये एकत्र करून झालेली. केंद्राच्या विज्ञान विभागाची, म्हणजे डीएसटीची, धोरण संशोधन केंद्रं काही संस्थांत आहेत, बाहेरून प्रकल्पाला पैसे हवेत तर सामाजिक शास्त्रांची परिषद आयसीएसएसआर आहे. निस्टॅड्सच्या गौहर रझा आणि सहकाऱ्यांचं काम तुम्ही वाचलंच पाहिजे, त्यांनी १९८९ मध्ये अलाहाबादच्या कुंभमेळ्यात जाऊन साध्या भाविकांना विज्ञानाचे प्रश्न विचारले आणि पुढच्या मेळ्यांतही विचारत राहिले. हिशेब बघा किती चलाख, देशभरची सगळ्या थरांतली माणसं एका जागी, सर्वेक्षणाचा प्रवासखर्च भाविकांनीच केलेला! त्यातून त्यांनी 'सांस्कृतिक अंतर' नावाची कल्पना मांडली, की एखादी वैज्ञानिक गोष्ट माणसाच्या रोजच्या जगण्यापासून किती लांब आहे यावर ती कळणं ठरतं, नुसत्या शिक्षणावर नाही. नाशिकचा सिंहस्थ २०२६-२७ मध्येच आहे, कुणी मराठीत प्रश्नावली घेऊन गेलं तर मला जरूर कळवा.

पैशाचं म्हणाल तर संशोधनावर आपला खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, आणि २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनला पाच वर्षांत ५०,००० कोटी उभे करायचेत, त्यातले बरेचसे सरकारबाहेरून. एवढी मोठी व्यवस्था नव्यानं सुरू होते तेव्हाच पहिल्या दिवसापासून अर्ज, मार्क, नकार हे सगळं नीट साठवून ठेवलं तर दहा वर्षांनी खजिना होईल. नंतर मागून ते मिळत नाही. ज्यांच्या ओळखी असतील त्यांनी हे आत्ता त्यांच्या कानावर घालावं.

राहिला डिग्रीचा प्रश्न. नसली तरी चालते, एकट्यानं मात्र जाऊ नका. अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रातला कुणीतरी पीआय धरा, कारण कटऑफ, सोडत, तुलनेचा गट हे त्यांचं रोजचं काम. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नसतं: लॅबमध्ये फसलेले प्रयोग कुठे जातात, पेपरवर नाव कुणाचं आणि का लागतं, ग्रँट एका कामाची आणि पैसे दुसऱ्याच कामावर हे कसं घडतं. पहिल्या मेलमध्ये 'तुमच्या कामात फार रस आहे' असं लांबण लावू नका, एक प्रश्न, एक डेटा आणि तो तुम्हाला कसा मिळणार, तीन ओळी. आणि लेखकांच्या नावांच्या क्रमाबद्दल काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या, अर्थशास्त्रवाले बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमानं लावतात आणि तुमच्या केमिस्ट्रीत शेवटचं नाव मोठं, त्यामुळे एखाद्या अय्यर किंवा आपटे आडनावाच्या प्रोफेसरबरोबर काम करणार असाल तर पहिल्याच पेपरला तोंडं फुगतात.